२०२६ चे सायफाय, फँटसी, हॉरर पिक्चर : पुण्याची फेरी एकच, ती कुठल्यासाठी?

रंकाळा_वारा
४ जानेवारी, रात्री १०.५०

वर्षाचा पहिला धागा टाकालोय, जरा लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मत द्या, गाडी त्यावरच ठरणाराय.

नवीन लोकांसाठी सांगतो. आमचं पाच-सहा जणांचं ठरलेलं हाय, वर्षातनं एक पिक्चर पुण्याला जाऊन आयमॅक्सवर, म्हणजे त्या लई उंच-मोठ्या पडद्यावर बघायचा. एकच. कोल्हापुरातनं पुणं २३० किलोमीटर, हायवेचं काम चालू असल्यामुळं पाच तास धरूनच चालायचं, डिझेल, टोल, तिकीट, दोन वेळचं जेवण धरलं की माणशी दीड-दोन हजार सहज जातात आणि आमच्यातले निम्मे अजून शिकालेत. २०२४ ला ड्यूनचा दुसरा भाग बघितला, वाळूतनं तो किडा वर येतो त्या सीनला खुर्ची हलत हुती, घरी आल्यावर दोन दिवस मी दुसरं काय बोललोच न्हाई. तिथनं ही फेरी चालू झाली.

यंदा अडचण अशी की सगळंच एका वर्षात आलंय. मार्चला प्रोजेक्ट हेल मेरी. जूनला स्पीलबर्गचा डिस्क्लोजर डे, ऐंशीला टेकलेला माणूस पुन्हा परग्रहवासीयांकडं वळलाय याचंच मला लई अप्रूप हाय. १७ जुलैला नोलनचा ओडिसी, जुन्या ग्रीक महाकाव्यावरचा. दिवाळीला रामायण पहिला भाग. आणि १८ डिसेंबरला ड्यून पार्ट थ्री, त्याच दिवशी ॲव्हेंजर्स डूम्सडे पण.

माझं मत ड्यून. दुसरा भाग संपल्यावर लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले, त्यातला हिरो पॉल जिंकला म्हणून. मी पण वाजवल्या. नंतर पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की फ्रँक हर्बर्टनं १९६९ ला ड्यून मसीहा लिहिलं ते या टाळ्या परत घ्यायलाच. एका माणसाला लोकांनी देव केला की त्याच्या नावानं काय काय हुतं, आणि त्या माणसाला ते थांबवायचं असून पण थांबवता येत न्हाई, ही ती गोष्ट. दिग्दर्शक विलनव्ह ते कसं दाखवणार हे बघायला मी दोन वर्षं थांबलोय. शिवाय आधीचे दोन्ही भाग डिजिटल कॅमेऱ्यावर घेतले हुते, यावेळी काही भाग आयमॅक्स फिल्मवर घेतलाय.

बोला आता.

---

आठवी_गल्ली
४ जानेवारी, रात्री ११.२०

भावा ड्यून भारीच हुणार, त्यात वाद न्हाई, पण पुण्याला जायचं कशासाठी ह्याचा विचार कर की. गोष्ट तर इथं पण तीच दिसणाराय. आपण दोन हजार घालतोय ते पडद्यासाठी. मग पडद्याचाच हिशोब करूया.

नेहमीचा स्कोप पिक्चर २.३९ ला १, म्हणजे रुंदी जास्त, उंची कमी. पुण्यातलं डिजिटल आयमॅक्स १.९० ला १. पडदा २० मीटर रुंद धरला तर स्कोपचं चित्र ८.४ मीटर उंच आणि आयमॅक्सचं साडेदहा मीटर. तब्बल दोन मीटर जास्त, म्हणजे एक माणूस उभा राहील एवढं चित्र आपल्याला इथं बघायलाच मिळत न्हाई. पण बहुतेक पिक्चरमध्ये ही वाढीव उंची ठराविक सीनलाच असते, बाकी वेळ वर-खाली काळी पट्टी. ओडिसी हा पहिला मोठा पिक्चर हाय जो सगळाच्या सगळा आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यावर घेतलाय. पहिल्या फ्रेमपासनं शेवटपर्यंत.

आजवर असं कुणी का केलं नव्हतं ते पण सांगतो. तो कॅमेरा चालू झाला की शिलाई मशीनसारखा आवाज करतोय, त्यामुळं हळू आवाजातले संवाद त्यावर घेताच येत नव्हते. आणि फिल्म एवढी रुंद आणि एवढ्या वेगानं पळते की एक मॅगझीन, म्हणजे कॅमेऱ्यातला फिल्मचा डबा, तीन मिनिटांत संपतंय. नोलनच्या या पिक्चरसाठी आवाज कमी करायची सोय नव्यानं बनवली. समुद्र, एकडोळ्या राक्षस, गाणं म्हणून खलाश्यांना खेचणाऱ्या त्या बायका, हे सगळं एवढ्या उंच चित्रात! अमेरिकेत ७० एमएमच्या, म्हणजे खरी रुंद फिल्म चालवून दाखवायच्या, काही शोची तिकिटं तर रिलीजच्या बरोबर एक वर्ष आधी, १७ जुलै २०२५ लाच विकायला काढली हुती. आपल्याला पुण्यात डिजिटलच बघायला मिळणार, ७० एमएम न्हाई, हे मान्य. तरी माझं मत ओडिसी.

---

तांबडा_पांढरा
४ जानेवारी, रात्री ११.३५

आठवी गल्लीला +१. दोन मीटरचा हिशोब काटा किर्र्र.

---

ऊसाचा_फड
५ जानेवारी, सकाळी ७.१०

तुमच्या सगळ्या यादीत हॉरर कुठाय? धाग्याच्या नावात लिवलंय फक्त.

१६ जानेवारीला २८ इयर्स लेटरचा पुढचा भाग येतोय, द बोन टेम्पल, अजून अकरा दिवस. मॅडॉक कंपनीवाल्यांची शक्ती शालिनी २४ डिसेंबरला. रॉबर्ट एगर्सचा वेअरवुल्फ अमेरिकेत नाताळाला, १३ व्या शतकातलं इंग्लंड, त्या काळची भाषा. हा माणूस कंदिलाच्या उजेडात असं काय शूट करतोय की अंधारात कोण उभाय ते आपणच शोधत बसतो. आणि तुंबाड २, ज्याची घोषणा २०२४ ला झाली आणि मी तेव्हापासनं डोळे लावून बसलोय.

पण माझा मुद्दा पुण्याचा न्हाईच. हॉररला आयमॅक्स लागत न्हाई. आपल्या गावचं थिएटर लागतंय आणि आपली माणसं लागतात. शेजारी अनोळखी माणूस दचकला की आपण पण दचकतो, मागनं कोणतरी बाई "अगं नको जाऊ" म्हणून ओरडते, मग हशा पिकतो, आणि हशा संपायच्या आत पडद्यावर काय तरी हुतं तेव्हा खरी भीती लागते. हे पुण्यातल्या गार एसीत, कुणी कुणाशी बोलत न्हाई तिथं, हुणार न्हाई.

आणि परत यायची वाट. ती सांगतो. २०१७ ला लपाछपी आलता, सगळा पिक्चर उसाच्या रानात घडतोय. मी रात्री नऊचा शो बघून गाडीवरनं गावाकडं निघालो. आमच्यात रस्त्याला दोन्ही बाजूला ऊस, पुरुषभर उंचीच्या वर, मधनं एक गाडी जाईल एवढीच वाट. हेडलाईटच्या उजेडात फक्त पुढची चार-पाच सरं दिसतात, त्याच्यामागं काळं. वारा न्हाई. आणि एका जागी पाचट वाजलं. बास, एवढंच. डुक्कर असंल, कोल्हा असंल, काय असंल ते असंल. मी गाडी थांबवली न्हाई, घरी जाऊन आईजवळ भुईवरच झोपलो, तेव्हा मी २३ वर्षांचा हुतो. त्याच पिक्चरचा पुढं हिंदीत छोरी झाला, तो मी मोबाईलवर बघितला, काही वाटलं न्हाई. पिक्चर वाईट नव्हता. वाट नव्हती.

---

ताराराणी_चौक
५ जानेवारी, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत टाईप करालोय म्हणून चुका माफ करा.

मी प्रोजेक्ट हेल मेरीसाठी भांडणार. पुस्तक २०२१ चं, अँडी वीअरचं, मी दोनदा वाचलंय. सूर्याचा उजेड कमी व्हायला लागलाय, कारण एक सूक्ष्मजीव सूर्याची ऊर्जा खातोय, आणि एक शाळेतला विज्ञानाचा मास्तर अवकाशयानात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नाव पण आठवत नसतं. तिथनं टाऊ सेटी नावाच्या ताऱ्यापर्यंतची गोष्ट, १२ प्रकाशवर्षं लांब. मला आवडलं ते असं की यात मारामारी न्हाई. अडचण आली की तो मोजतोय. वजन मोजतो, वेळ मोजतो, दोरीला वस्तू बांधून झोका देतो आणि त्यावरनं गुरुत्वाकर्षण काढतो. मी स्वतः आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, वर्गात मुलं विचारतात याचा उपयोग काय, तेव्हा मला ह्या माणसाची आठवण येते.

ट्रेलर मात्र बघू नका कुणी. पुस्तकातली जी गोष्ट अर्ध्यात कळायची ती त्यांनी जाहिरातीतच दाखवून टाकली. माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी पुस्तक दिलतं, त्यांनी ट्रेलर बघितला आणि ती मजा गेली, मला लई वाईट वाटलं. एकच सांगतो, यातलं एक महत्त्वाचं पात्र त्यांनी नुसतं कॉम्प्युटरवर न काढता खरी बाहुली करून सेटवर नाचवलंय. आठवा, झपाटलेलाला ३२ वर्षं झाली, १९९३ चा, तरी तात्या विंचूला पोरं अजून घाबरतात, कारण रामदास पाध्येंची ती बाहुली खरोखर त्या खोलीत हुती, लक्ष्मीकांत बेर्डे तिच्याकडंच बघून घाबरत हुते. हवेत बघून घाबरायचं आणि समोरच्या वस्तूला घाबरायचं यातला फरक डोळ्याला कळतो.

आणि आपल्या गावानं तर या विषयात मागं राहायलाच नको. जयंत नारळीकर सर जन्मले ते इथं, कोल्हापुरात, १९ जुलै १९३८. गेल्या वर्षी २० मे ला गेले. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये. आणि बक्षीस मिळालंच. 'वामन परत न आला' मध्ये खोदकामात पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरनं यंत्रमानव बनतो, आणि तो माणसाच्या हातात राहतो का हा प्रश्न. हे १९८६ चं पुस्तक! आज सगळं जग ए.आय. वर तेच बोलतंय. मी ज्या पिक्चरची सगळ्यात जास्त वाट बघतोय तो अजून कुणी जाहीरच केलेला न्हाई, हे लिहिताना गळा दाटून आला खरंच.

---

आठवी_गल्ली
५ जानेवारी, दुपारी २.०५

ताई, ते शेवटचं वाक्य वाचून मी पाच मिनिटं गप्प बसलो.

---

गंगावेस_दूधकट्टा
५ जानेवारी, रात्री ९.३०

रामायणवर कोण बोलंना, मग मी बोलतो.

नितेश तिवारींचा पिक्चर, रणबीर, साई पल्लवी, रावण यश, पहिला भाग या दिवाळीला आणि दुसरा पुढच्या दिवाळीला. संगीत ए. आर. रहमान आणि हान्स झिमर, दोघं एकत्र. गेल्या ३ जुलैला पहिली झलक आली तेव्हा मी आईला मोबाईलवर दाखवली, तिनं चष्मा पुसून तीनदा बघितली आणि म्हणाली, हे मोठ्या पडद्यावर दाखव मला. आई २०१२ नंतर थिएटरला गेलेली न्हाई, गुडघ्याचा त्रास.

एकच विनंती, याला फँटसीच्या यादीत टाकू नका. माझ्या आईसाठी ती कल्पना न्हाई. तुमच्या लेखी पुष्पक विमान म्हणजे व्हीएफएक्स, तिच्या लेखी ते पुष्पक विमान हाय.

---

रंकाळा_वारा
५ जानेवारी, रात्री १०.१०

दादा तुमचं बरोबर हाय, चुकलं माझं. ते यादीत अशासाठी घातलं की पडदा मोठा लागणारा पिक्चर हाय म्हणून. रामायण वेगळं ठेवूया. ते घरच्यांना घेऊन इथंच बघायचं, पुण्याच्या फेरीत न्हाई. आईंसाठी लिफ्ट असलेलं थिएटर बघा, आणि शेवटून दुसऱ्या रांगेत कडेची सीट घ्या, जिना चढायला लागत न्हाई अशा दारानं आत जाता येतं का ते आधी जाऊन बघून या.

---

जुना_ऑपरेटर
६ जानेवारी, सकाळी ११.००

नातीनं हा धागा वाचून दाखवला आणि म्हणाली आजोबा तुम्ही लिहा, टाईप तीच करते आहे.

मी ७१ वर्षांचा आहे. त्यातली ३१ वर्षं कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. आमच्या वेळी दोन मशीन असायची. २००० फुटाचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका दिसतो, त्यावर नजर ठेवून दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला बदली करायची. पब्लिकला कळलं नाही तर तो ऑपरेटर चांगला. कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्या सारख्या पुढं सरकवायला लागायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. आता डब्यात हार्ड डिस्क येते, किल्ली कॉम्प्युटरवर येते, ठरल्या दिवशीच उघडते. काम सोपं झालं. पण दिव्याकडं बघणारा माणूस राहिला नाही.

१९९४ ला ज्युरासिक पार्क हिंदीत आला. त्याआधी इंग्रजी पिक्चरला कॉलेजची पोरं यायची, बाकी कोण नाही. हिंदी झाला आणि करवीर, कागल, पन्हाळ्याकडनं टेम्पो भरून माणसं आली, धोतरवाले म्हातारे, पदर घेतलेल्या बायका. पाण्याचा ग्लास हलतो तो प्रसंग तुम्हाला माहीत असेल. मी पहिल्या दिवसानंतर त्यावेळी पडद्याकडं बघितलंच नाही. मशीनच्या खिडकीतनं खाली माणसं बघायचो. आठशे माणसं, आणि एकाचा आवाज नाही. कुणी शेंगा फोडत नाही. मग तो प्राणी ओरडायचा आणि सगळी रांगच्या रांग एकदम मागं झुकायची, वाऱ्यानं ज्वारी झुकते तशी. रोज चार शो. मी ते रोज चार वेळा बघितलं.

तरुण मुलांना सांगतो, हे सगळं आपल्याला नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतः कॅमेरा बनवला, परदेशातनं आणला नाही. १९२० च्या सैरंध्रीत कीचकवध असा काय दाखवला की लोक घाबरले, कात्री लावायला लागली. प्रभात कंपनी पुण्याला गेली ती १९३३ ला, त्याआधी १९३२ ला इथंच माया मच्छिंद्र झाला. बायकांचं राज्य, जादू, माया. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे. तुम्ही ज्याला फँटसी म्हणता ती कोल्हापुरात ९० वर्षांपूर्वी बनत होती. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, जाता-येता बघत जा.

---

ताराराणी_चौक
६ जानेवारी, दुपारी १.३५

काका, नातीला थँक्यू सांगा. आणि अजून लिहा, तुम्ही थांबू नका.

---

तांबडा_पांढरा
६ जानेवारी, रात्री ८.००

काका एक विचारू का? गेल्या महिन्यात इथल्याच एका थिएटरला नवा पिक्चर बघितला, साधा टूडी शो, पण चित्र एवढं अंधारं की रात्रीच्या सीनला चेहरे दिसंनात. मॅनेजर म्हणाला पिक्चरच तसा हाय. मी पुण्याच्या मित्राला विचारलं, तर त्याला तिथं सगळं स्वच्छ दिसलेलं.

---

जुना_ऑपरेटर
६ जानेवारी, रात्री ९.१५

पिक्चर तसा नाही. थ्रीडी शोसाठी प्रोजेक्टरपुढं एक काच लावतात. थ्रीडी शो संपल्यावर ती काढायची असते. काढली नाही की टूडीचा बराच उजेड तिथंच अडतो. मागं वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडं बघा, एकावर एक असे दोन उजेडाचे झोत दिसले तर काच तशीच आहे असं समजा. मध्यंतराची वाट बघू नका, पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन नीट सांगा, भांडू नका. "थ्रीडीची काच राहिली आहे का बघता?" एवढंच म्हणा. ज्याला काम येतं तो लगेच जाऊन काढतो.

आणि हॉररला आवाज कमी ठेवतात, कारण कुणीतरी तक्रार करतं. तुम्हीही तक्रार करा, की वाढवा म्हणून. दोन्ही बाजूचं कळलं पाहिजे त्यांना.

---

ऊसाचा_फड
६ जानेवारी, रात्री ९.४०

हे काकांचं मी लिहून घेतलंय. १६ तारखेला बोन टेम्पलला गेल्यावर पहिलं मागं वळून बघणार.

तुंबाडचं पण सांगायचं राहिलं. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला, मी दुसऱ्या दिवशी गेलतो, हॉलमध्ये आम्ही नऊजण. नऊ! राही बर्वेंनी कित्येक पावसाळे खऱ्या पावसात शूटिंग केलं, ती ओल पडद्यातनं अंगावर यायची, आणि बघायला नऊ माणसं. बाहेर आलो तेव्हा इथं पण पाऊस. सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ ला तोच पिक्चर पुन्हा लावला, मी चुलतभावाला घेऊन गेलो, तर तिकीट न्हाई. दुसऱ्या शोला उभं राहून मिळालं. पहिल्या वेळेपेक्षा पुन्हा लावल्यावर जास्त धंदा केला त्यानं. लोकांना कळायला सहा वर्षं लागली. मूळ बीज नारायण धारपांच्या गोष्टीत आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरनं, म्हणजे मराठी मातीतलंच सगळं, पण पिक्चर हिंदीत झाला. धारपांची सगळी पुस्तकं लायब्ररीत पडून हायत. एकेका पुस्तकात एकेक पिक्चर हाय.

म्हणून माझं म्हणणं, यंदा कुठलाही मराठी भयपट लागला की पहिल्या तीन दिवसांत जायचं. चांगला का वाईट ते बघून आल्यावर बोलूया. चौथ्या दिवशी शो उतरतोय, मग आपण नऊजण आणि पुढची सहा वर्षं.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर
७ जानेवारी, रात्री १२.२०

हिंजवडीतनं लिहितोय. ठरवायला सोपं जावं म्हणून इकडची परिस्थिती सांगतो.

डिसेंबर अवघड हाय. ड्यून आणि ॲव्हेंजर्स एकाच दिवशी, आयमॅक्स स्क्रीन मोजकीच. अमेरिकेत तीन आठवडे आयमॅक्स ड्यूनलाच देणार असं ठरलंय, आपल्याकडं स्क्रीन कशा वाटणार त्यावर सगळं अवलंबून. समजा ड्यूनला सकाळी आठचा आणि रात्री पावणेबाराचाच शो मिळाला, तर तुम्ही कोल्हापुरातनं मध्यरात्री निघणार का? मार्चमध्ये परीक्षा, ताई शाळेत, तुमच्यातले निम्मे कॉलेजला.

जुलै मोकळा हाय. माझा वन बीएचके हाय, सहाजण झोपू शकतात, गाद्या मी बघतो. १७ ला शुक्रवार. १८ चा शनिवारचा दुपारचा शो धरा, बुकिंग उघडलं की मी रात्री जागून काढतो.

---

गंगावेस_दूधकट्टा
७ जानेवारी, सकाळी ६.४५

जुलै आणि मोकळा? पंचगंगेला विचारलंय का? २०२१ ला जुलैतच शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलतं, गाड्या दोन्हीकडं अडकल्या, आमचं दूध पुण्याला गेलं न्हाई. २०१९ ला ऑगस्टात तेच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या पोराला पण पाठ हायत.

---

आठवी_गल्ली
७ जानेवारी, सकाळी ८.१५

२०२१ ला हायवे बंद झाला तो २० तारखेच्या पुढं. १८ ला जाऊन १९ ला परत यायचं म्हटलं तर सहसा जमतंय. आणि पाणी चढायला लागलं तर दोन दिवस आधी कळतंच की. तिकीट रद्द करता येईल असंच काढायचं.

---

रंकाळा_वारा
७ जानेवारी, रात्री १०.३०

तीन दिवस सगळं वाचून काढलं, काकांचं दोनदा.

मी ड्यूनचा हट्ट सोडतोय. मनापासनं सोडतोय, कारण ड्यून मला गोष्टीसाठी बघायचाय आणि गोष्ट इथं पण बघता येते, फक्त मागं वळून काच बघितली पाहिजे. ओडिसी उंचीसाठी बघायचाय, ती इथं न्हाई. तर पुण्याची फेरी १८ जुलै, ओडिसी. हेल मेरी मार्चमध्ये इथंच, इंग्रजी शो लागला तर इंग्रजीत, न्हाई तर हिंदीत, ताईंच्या वर्गातल्या पोरांना घेऊन, शाळेची परवानगी ताई बघतील. बोन टेम्पलला फड सांगेल त्या शोला. रामायण ज्याच्या त्याच्या घरच्यांबरोबर. ड्यून १९ डिसेंबरला इथं, आणि काका तुम्ही आमच्याबरोबर येणार, तुमचं तिकीट काढलेलंच समजा, नात पण.

ॲव्हेंजर्सवाल्यांनी वेगळा धागा काढा, इथं भांडण नको.

---

जुना_ऑपरेटर
८ जानेवारी, सकाळी १०.२०

येतो. मला मधल्या रांगेतली सीट नको. शेवटची द्या, प्रोजेक्टरच्या खिडकीखालची.

---

ताराराणी_चौक
८ जानेवारी, दुपारी १.५०

मुख्याध्यापकांशी बोललो, लेखी अर्ज द्या म्हणालेत, म्हणजे हुईल. आणि बघा, परतीचा रविवार १९ जुलै हाय, नारळीकर सरांचा वाढदिवस. 'यक्षांची देणगी' मी पिशवीत घेतो. पाच तासांच्या वाटेत तीन-चार गोष्टी वाचून होतात, ज्याला गाडीत वाचताना मळमळत न्हाई त्यानं वाचायचं.

---

ऊसाचा_फड
८ जानेवारी, रात्री ८.३०

मी वाचतो, मला मळमळत न्हाई. आणि आमचं गाव नदीकाठीच हाय, राजाराम बंधाऱ्याची पातळी १० जुलैपासनं रोज सकाळी सातला या धाग्यावर टाकायचं काम माझं. ३५ फुटाच्या वर गेली की फोन करतो सगळ्यांना.